कोपरा फाटलेलं पत्र

१९६१ साली मी घाटंजीत शिक्षक होतो. शेजारच्या मावशींचा एकुलता मुलगा कुवेतला तेलाच्या कंपनीत फिटर होता. त्या पावसाळ्याच्या तोंडी इराकने कुवेतवर हक्क सांगितला. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने वाचनालयात येई. निंदणीवरून परतताना मावशी पायरीवर टेकत आणि मी छापलं असेल तेवढंच वाचून दाखवी. तिथल्या राजाने इंग्रजांची फौज बोलावली, हे ऐकून त्या म्हणाल्या, "राजालेच भेव लागून राह्यलं, मास्तर. मंग माह्या पोरानं कोनाच्या तोंडाकडं पाहावं?"

तो परत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांची पत्रं मीच लिही, पण तसं त्या लिहू देत नसत. आपण बोलावलं तर पुढे बोल लावील. त्याने विचारलं तर सांगीन, असं त्यांचं म्हणणं.

शाळेच्या संग्रहासाठी परदेशी तिकिटं ठेवा, असं मी पोस्टमनला सांगितलं होतं. एरवी तो मावशींना विचारून तिकीट काढी. मुलाचं पत्र आलं त्या दिवशी घराला कुलूप होतं. त्याने तिकिटासकट पाकिटाचा कोपरा फाडून घेतला, पत्र दाराखालून सरकवलं आणि तिकीट मला शाळेत आणून दिलं.

आमच्याकडे मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात. असं पत्र घरात ठेवत नाहीत. फाडून टाकतात आणि आंघोळ करतात. मावशींना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्या ओल्या लुगड्याने ओट्यावर बसल्या होत्या. पत्राचे तुकडे न्हाणीच्या पाण्याबरोबर नालीत गेले होते. अडकून राहिलेल्या एकावर मुलाच्या अक्षरात 'तीर्थरूप आईस' एवढं वाचता आलं.

मी तिकिटाचं सगळं सांगितलं. तो तुकडा त्यांनी बराच वेळ हातात धरला.

"जित्ता हाय न? मंग झालं. तिकीट राहू द्या तुमच्यापाशी."

आम्ही खुशालीचं पत्र टाकलं. त्याचं पत्र फाडल्याचं मात्र त्यांनी लिहू दिलं नाही. लढाई झाली नाही. सव्वा महिन्याने त्याचं पत्र आलं, पाकीट शाबूत. येऊ का राहू, असं मागच्या पत्रात विचारलं होतं. तू त्यावर काहीच लिहिलं नाहीस, म्हणून राहिलो आणि तीन वर्षांचं कंत्राट केलं, असा मजकूर होता. मावशींनी तो दोनदा वाचून घेतला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात त्या वारल्या. कुवेतला मीच कळवलं. पाकिटाला तिकीट लावलं आणि दुसऱ्या बाजूचा कोपरा फाडला.