उन्हात वाळलेलं बियाणं

भूम तालुक्यातल्या त्या गावात हरणाबाईला सगळे ‘जिवाणूवाली’ म्हणत. बचतगटाच्या प्रशिक्षणाला गेली आणि परत आली ती अर्धी कृषी अधिकारी होऊनच. पेरायच्या आधी गव्हाच्या बियाण्याला जमिनीतले चांगले जिवाणू लावले की मुळं खोल जातात, पाणी कमी पडलं तरी रोप तग धरतं, हे ती गिरणीत दळण ठेवतानासुद्धा बायकांना ऐकवायची. शेवटी बोट नाचवत बजावायची, “बी सावलीतच वाळवा. ऊन लागलं की जिवाणू मेलेच!”

आणि ते मारले तिनंच.

गजराकाकी तिची बांधाशेजारीण. पेरताना पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडावं तर काकीनंच, कसं एकसारखं पडायचं! पण नवरा वारला आणि तिला पेरणीला कुणी बोलवेना. यंदा तिनं स्वतःच्याच रानात मूठ धरायचं ठरवलं आणि बियाणं हरणाबाईकडं आणून दिलं. हरणाबाईनं गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवून बियाण्याला चोळले, कडुलिंबाखाली ताडपत्रीवर ते पसरलं आणि शेजारी लग्नाच्या साड्या बघायला गेली. साड्या बघणं कधी लवकर उरकलंय? परत आली तेव्हा सावली सरकली होती. दाणे हाताला चांगलेच तापलेले लागले. घरात जिवाणूंचं एक पाकीट शिल्लक होतं, पण ते तिच्या स्वतःच्या गव्हासाठी होतं. ती घुटमळली. मग गोणी बांधून म्हणाली, “न्या काकी, झालंय.”

पुढं विहिरींनी पौषातच तळ गाठला. पाणी दोघींच्याही गव्हाला कमीच मिळालं. हरणाबाईचा गहू तगला. बांधापलीकडचा ओंबी भरायच्या आत पिवळा पडला. गावाला तेवढंच हवं होतं. “विधवेची मूठ,” लोक म्हणाले, “दुसरं काय व्हणार?” हरणाबाई हे ऐकायची आणि मान खाली घालून पुढं जायची. खरं बोललं तर आपलं गावातलं नाव जाईल, एवढीच तिची भीती, आणि त्या भीतीची तिला मनस्वी लाज वाटायची. नव्या गव्हाची पहिली पोळी तिनं ताटात तशीच ठेवली.

वैशाखात गटाच्या बैठकीत मात्र तिला राहवेना. सगळ्या बायकांदेखत ती उठून उभी राहिली.

“काकीच्या हाताचा काय बी दोष न्हाय. बी म्या उन्हात तापवलं. दुसरं पाकीट होतं, ते म्या माझ्या गव्हाला ठिवलं.”

काकी आता शिव्या घालणार म्हणून हरणाबाई वाट बघत राहिली. शिव्या तिला हव्याच होत्या. काकीनं मात्र आपले दोन्ही तळवे उताणे करून बघितले.

“शिमग्याला सून बाळंत झाली,” ती म्हणाली. “नात झाली. माझ्या हातानं तिचं बी काय वंगाळ व्हईल म्हून आजून एकदा बी म्या तिला उचलून घेतली न्हाय, हरणे.”