मर्नाने बसवलेला फिल्टर

मर्ना टकवेल आणि मी, आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक पत्र्याचं कुंपण आहे एवढंच. मी लग्न होऊन पोर्ट पिरी गावात आले तेव्हापासून तिला ओळखते. तिचा नवरा क्लेम शिशाच्या कारखान्यात फोरमन होता. कारखान्यातला दरारा तो घरीही घेऊन यायचा.

त्याच्या शेडमध्ये चौसष्ट सालची फिकट निळी होल्डन गाडी होती. रविवारी तो ती पुसायचा, बॉनेट उघडून मित्रांना इंजिन दाखवायचा. मर्नाला कधीमधी शेजारच्या सीटवर बसायला मिळायचं, तेही बूट झटकून. लग्नाआधी हीच मर्ना बापाच्या शेतावरचा गव्हाचा ट्रक चालवायची. लायसन तिने दरवेळी न चुकता नवं करून घेतलं होतं. क्लेमने मात्र तिला होल्डनच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

मग क्लेमला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण जिभेचं विष होतं तसंच राहिलं. रोजच्या वापरातली दुसरी गाडी त्याने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच विकायला लावली. म्हणाला, "आता चालवणार कोण?" मर्ना तिथेच उशाशी उभी होती.

उन्हाळा ओसरत असताना लांबच्या पोर्ट लिंकनहून फोन आला. मर्नाची धाकटी बहीण ऑड्री अंथरुणाला खिळली होती. क्लेमला एकटं सोडणं शक्य नव्हतं आणि बसमध्ये चढवणंही. म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणाऱ्या नर्सिंग होममध्ये थोड्या दिवसांसाठी त्याची सोय होते का, हे मर्नाने विचारलं, तर तिथे रांग लागलेली.

"मग होल्डन काढते," ती क्लेमला म्हणाली. "तुला पुढे बसवते. दोघं जाऊ."

"तू?" क्लेम हसला. तोंड वाकडं झाल्यामुळे ते हसू अर्धंच दिसायचं.

गाडी सुरू झाली खरी, पण गावाबाहेर पडली की आचके देऊन बंद पडायची. थोडं थांबलं की पुन्हा चालू. मर्नाने इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची काचेची वाटी सोडवली. तळाला तांबूस गाळ होता. जुन्या टाकीतला गंज थेट कार्बोरेटरपर्यंत जात होता. तिने टाकी धुऊन घेतली, कार्बोरेटर साफ केला. पण उरलासुरला गंज अडवायला मध्ये फिल्टर हवाच होता.

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मालक डेसने तिच्यासमोर तीन फिल्टर ठेवले. मी सोबत होते.

"हा काचेचा घे. चकचकीत आहे, आतला कचरा दिसतो. क्लेमला आवडेल."

"आणि गळायला लागला तर? तापलेल्या इंजिनवर पेट्रोल?"

"बरं, मग प्लास्टिकचा."

"तो उष्णतेने तडकतो. हा पत्र्याचा जुन्या कार्बोरेटरसाठीच आहे ना? नव्या गाड्यांचा देऊ नकोस. त्यांची जाळी फार बारीक, आमचा पंप म्हातारा आहे."

"क्लेमला विचारलंस का पण?"

"क्लेमला मी सकाळी आंघोळ घातली, डेस. तेवढं पुरे आहे."

तिने पत्र्याचा फिल्टर घेतला आणि सोबत नवी रबरी नळी.

ती बॉनेटखाली वाकली तेव्हा क्लेम शेडच्या दारात चाकांच्या खुर्चीत बसला होता.

"वर लाव, कार्बोरेटरला चिकटून. दिसू दे लोकांना."

"वर तापतं. मी खाली लावतेय, पंपाच्या अलीकडे, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब."

"बाण कुठल्या दिशेला आहे ते तरी बघ, बाई! का तेही मीच सांगू?"

"पेट्रोल ज्या दिशेने जातं त्या दिशेला. बघितलाय."

तिने नळी मापाने कापली, फिल्टर बसवला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. इंजिन सुरू केल्यावर एका क्लिपेशी थेंब जमला. क्लेम म्हणाला, "गळलं ना? मला माहीतच होतं." तिने इंजिन बंद केलं, क्लिप थोडी आणखी आवळली, कोरडं फडकं फिरवलं आणि पुन्हा सुरू करून बोट लावून पाहिलं. बोट कोरडं निघालं.

दुसऱ्या दिवशी क्लेमला बघायला नर्स आली होती तेवढ्या वेळात आम्ही दोघी शेजारच्या क्रिस्टल ब्रूक गावापर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. मर्नाने खिडकीची काच खाली केली आणि पूर्ण रस्ताभर गात राहिली, तेही बेसूर. तिला गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी ॲडलेडहून क्लेमचा पुतण्या ब्रेडन ट्रेलर घेऊन आला. गाडी क्लेमच्या नावावर होती. त्याने फोन करून ती पुतण्याला देऊन टाकली होती. मर्नाची भरलेली बॅग ओट्यावर होती.

"आणि ऑड्री?" मर्नाने विचारलं.

"ती काय आज आजारी पडली? नेहमीचंच आहे तिचं," क्लेम म्हणाला. "माझी गाडी रस्त्यात ठोकायला देऊ तुला?"

ब्रेडन अवघडला. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाला, "काकू, काका सांगत होते, त्यांनी खुर्चीत बसून एकेक सांगितलं आणि तुझ्याकडून फिल्टर बसवून घेतला. कमाल केलीत दोघांनी!"

मर्नाने क्लेमकडे पाहिलं. तो ट्रेलरच्या पट्ट्यांकडे बघत होता.

गाडी गल्लीच्या टोकाला वळल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, रात्रीत तो फिल्टर उपटून टाकायला हवा होतास."

"माहीत कुठे होतं मला? आणि माहीत असतं तरी माझ्या हातचं चांगलं काम मी का बिघडवू?" एवढं बोलून तिने बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले.

थंडी सुरू झाली तशी ऑड्री गेली. शेवटी ती मर्नाचं नाव घेत होती, असं भाचीने फोनवर सांगितलं. न सांगती तर बरं झालं असतं. नर्सिंग होमने आता मात्र लगेच खाट दिली. भेटीसाठी जी मिळाली नव्हती, ती अंत्यविधीसाठी मिळाली. मर्ना बसने गेली आणि बसने परत आली. बस स्टँडवरून ती घरी न जाता थेट नर्सिंग होमच्या ऑफिसात गेली आणि सांगून आली की क्लेमला आता इथेच ठेवा.

गुरुवारी ती त्याला भेटायला जाते. आल्याची बिस्किटं नेते, नखं कापते, दाढी करते. मी एकदा बरोबर गेले होते. त्याने विचारलं, ब्रेडनने गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेली का? ऑड्रीबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही. मग घरी कधी नेणार म्हणून तो शिव्या द्यायला लागला. मर्नाने त्याची हनुवटी धरून मान वळवली आणि दुसऱ्या गालाला साबण लावला.