वायर लावलेलीच राहिली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बॅन्डमधल्या पोरींना नाही, ज्यांच्यासोबत कॉलेजांच्या फाटकांवर उन्हात उभी राहून पत्रकं वाटली त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे. का सांगते — ते मलाही नीट माहीत नाही.

मला पत्रक लिहिता येतं. दुसरं फारसं काही येत नाही. वर मोठ्या अक्षरात गुन्हेगाराचं नाव टाकायचं, खाली त्यानं काय केलं ते, आणि शेवटी आमच्या मागण्या — एक, दोन, तीन. एस.टी.च्या पासावर मी असं लिहिलं, वाचनालयाच्या वेळांवर लिहिलं, वसतिगृहातल्या पाण्यावर लिहिलं. आज त्याच पद्धतीनं लिहायला बसले. नावाच्या जागी माझं नाव आलं आणि मागण्यांची जागा कोरीच राहिली. चार कागद फाडले. म्हणून आता हे असं, बोलल्यासारखं.

गोष्ट गिटारची आहे. हसू नका, आमच्याकडेही मेटल, म्हणजे ते धडाडणारं रॉक, वाजतं. मी बडनेऱ्याची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. आम्ही चार पोरी अमरावतीत एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गाच्या खोलीत वाजवतो. शेजारचे काका भिंतीवर थाप मारून ओरडतात, "काहून मरून राहिल्या वो पोरीहो!" — तरी वाजवतो.

तर झालं असं, की आजूबाजूची पोरं फसताना दिसत होती. काळीकुट्ट गिटार, शिंगांसारखी टोकं, खोक्यावर छापलेलं 'खास मेटलसाठी'. दर्यापूरचा पोरगा घेतो, शेंदूरजनाघाटची पोरगी घेते, आणि दोन महिन्यांत दांडी वाकते. तोवर कळतच नाही. कारण मेटलमध्ये आवाज मुद्दाम फाडून, फुगवून काढतात. पायाखालचं पेडल दाबलं की कुठलीही फळी वाघासारखी गुरगुरते. गिटार खरी कशी आहे, ते पेडल बंद केल्यावर समजतं. म्हणून मी परीक्षा ठरवली. आधी पेडल लावून वाजवायचं. मग पेडल बंद, आवाजाचं बटण निम्म्यावर, आणि एखादी संथ चाल. मग तार जोरानं ओढून सोडायची आणि सूर जागेवर राहतो का ते बघायचं. जिला फक्त ओरडता येतं तिला मेटलचीही गिटार म्हणू नये — हे मी तेव्हा लिहिलं आणि आजही मानते.

चार गिटार कंपन्यांच्या होत्या, पोरांकडून मागून आणलेल्या. चारही परीक्षेत नापास झाल्या. पाचवी सत्तारचाचांची.

सत्तारचाचा अकोल्याचे, माझ्या जुन्या ओळखीचे. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात त्यांचं दुकान आहे, पेट्या दुरुस्तीचं. पेटी म्हणजे हार्मोनियम. चाळीस वर्षं ते कानानं सूर लावत आले. भजनी मंडळं त्यांच्याकडे येतात, कव्वालीवाले येतात. गिटारचा नाद त्यांना म्हातारपणी लागला. एका पोराची गिटार दुरुस्तीला आली, यांनी खोलून पाहिली आणि म्हणाले, हे तं आपुनही बनवू. सागाच्या जुन्या दाराची फळी घेतली, तारांखालची कॉइल स्वतः गुंडाळली, आत आवाज वाढवणारं छोटं सर्किट बसवलं. त्या सर्किटला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. पाठीमागचं झाकण उघडलं की दिसते.

गिटार काळी, टोकदार. "असं काहून केलं, चाचा?" मी विचारलं होतं.

"मेटल म्हटलं तं पोरं हात लावतात बेटा, नाही तं कोनी पाहात नाही," ते हसले. "पन माही गिटार मेटल बी वाजवते, भजन बी वाजवते अन् गझल बी वाजवते. इले जात नाही."

दुकानात त्यांनी ती मला वाजवून दाखवली. छान वाटली. पण तिथला ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबाही त्यांनीच बनवलेला, म्हणून माझ्या मनात आलं, ही कमाल ॲम्पची असणार. संशय घेणं ही माझी सवय. तिचं मला कौतुकही होतं.

निघताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. दोनदा सांगितली. "वाजवून झालं का वायर काढून ठेवजो. वायर लागेल राहिली तं बॅटरी पिऊन टाकते."

तुम्हाला आता समजलंच असेल. पण मला ते माझ्या तोंडानं सांगू द्या.

मी घरी आले, गिटारला वायर लावली, तेवढ्यात फोन आला आणि मी सभेसाठी दर्यापूरला गेले. तिथून आणखी कुठे कुठे. आठ दिवसांनी परतले. वायर तशीच होती. मी ती पाहिलीही नाही — म्हणजे पाहिली, आणि बरं झालं लावलेलीच आहे म्हणून थेट वाजवायला बसले. आवाज बारीक, चिरका. पेडल बंद केल्यावर तर अगदीच फाटका. सूर उमटायचा आणि मधेच विझायचा.

मला वाईट वाटलं का? खरं सांगू? बरं वाटलं. चारही कंपन्यांना झोडपून आपल्या अकोल्याच्या माणसाला पास केलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई ओळखीवर गेल्या. आता कुणाला बोलायला जागा राहिली नाही. मी एका बैठकीत लिहून काढलं. मथळा — 'काळा रंग, पोकळ आवाज'. पाचव्या गिटारबद्दल लिहिलं, 'पेडल बंद करताच ही मडक्यात वाळू हलवल्यासारखी वाजते.' या वाक्यावर मी खूश होते. ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा पोरी टाळ्या वाजवून हसल्या. 'आपल्या माणसालाही सोडलं नाही' म्हणून माझी पाठ थोपटली गेली.

पत्रकं छापून झाली. अमरावतीत वाटून झाली, अकोल्याला गठ्ठा गेला. त्यानंतर गिटार परत द्यायची म्हणून पुसायला घेतली आणि सहज पाठीमागचं झाकण उघडलं. बॅटरी काढून जिभेला लावली. आम्ही सगळे असंच बघतो, जिवंत बॅटरी जिभेला झिणझिणते.

काहीच लागलं नाही. नुसता पत्र्याचा गारपणा.

कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली. बसवली. पेडल बंद ठेवून एक तार छेडली — आणि परत छेडली. भरलेला, गोल, लांब चालणारा आवाज. मग पेडल लावलं. एकेका बोटाचा सूर वेगळा ऐकू येत होता. माझ्या परीक्षेत पहिली आली असती अशी गिटार. पाचांत एकटी.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, हे मला कुणी शिकवायची गरज आहे का? वर्तमानपत्रानं माझं नाव चुकीचं छापलं म्हणून संपादकाच्या टेबलावर हात आपटून खुलासा छापून घेतलेली मी. चार ओळींचं पत्रक. एक दुपार. मी नवी बॅटरी आतच राहू दिली, जुनी खिशात घातली आणि बडनेरा स्टेशनच्या कचरापेटीत टाकून अकोल्याची गाडी धरली.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल — चूक झाली, मग भीती वाटली. थांबा. अजून ते आलेलं नाही.

दुकानात चाचा स्टुलावर बसले होते. समोर पत्रक, घडी घालून घालून मऊ झालेलं. अमरावतीचा एक दुकानदार त्यांच्या पुढच्या गिटार विकायला आपल्या भिंतीवर टांगणार होता. त्यानं ते वाचून नको म्हणून कळवलं होतं. ते माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बॅटरी पाहिली होती ना बेटा?"

"हो चाचा. नवीच होती."

हे पहिलं खोटं.

मग त्यांनी गिटार घेतली, माझ्यासमोर वायर लावली आणि वाजवायला लागले. बोटं पेटीवाल्याची, हळू. तरी काय वाजवलं त्यांनी! आधी पोरांकडून शिकलेला मेटलचा एक तुकडा, धाडधाड, मान हलवत. मग बटण निम्म्यावर आणून एक संथ चाल. दुकानात पेटी न्यायला आलेला एक भजनवाला उभा होता, तोही मान डोलवायला लागला. शेवटची तार वाजून किती वेळ तरी हवेत राहिली.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "आता सांग. सच बोल. मले तं भरेल वाटून राहिला आवाज. तुले काय ऐकू येते?"

मला काय ऐकू येत होतं ते मी तुम्हाला सांगितलं आहे.

मी म्हटलं, "पातळच आहे, चाचा. तसाच."

हे ते.

चाचांनी उजवा हात कानावर ठेवला, काढला, परत ठेवला — पाणी गेलंय का बघावं तसं. भजनवाला हसला आणि म्हणाला, "चाचा, मडकं आनून देऊ का?" त्यानं पत्रक वाचलेलं होतं. चाचाही त्याच्याबरोबर हसले. मीही हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही.

पुढे त्यांनी गिटार तीनदा खोलली. कॉइल उकलून परत गुंडाळली, सर्किट बदललं, सागाची फळी कानाशी धरून बोटानं ठोकून पाहिली. खोट सापडेना. नसलेली खोट कुठून सापडणार? मग त्यांनी ठरवलं, की खोट कानात आहे. "माहे कान गेले बेटा," मला म्हणाले, अगदी सहज, चष्मा लागला म्हणावं तसं. "शिकलेली पोरगी सांगते पातळ, अन् मले भरेल लागते. मंग?"

आता ते पेटीचे सूर कानानं लावत नाहीत. मोबाइलमध्ये सुराचं ॲप आहे. सूर जुळला की हिरवा दिवा लागतो, त्याकडे बघून लावतात. पेटीतल्या पितळी पत्तीला फुंकतात, चष्म्यातून दिव्याकडे बघतात. पूर्वी डोळे मिटून बसायचे. ते ॲप त्यांच्या मोबाइलमध्ये मीच टाकून दिलं. त्यांनी मागितलं आणि मी टाकून दिलं, वापरायचं कसं तेही शिकवलं.

दुसरी गिटार त्यांनी बनवली नाही. होती ती, गेल्या वर्षी परत जोडून, पिशवी शिवून घेऊन माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुले आवाजातलं समजते. तूच हुडक हिच्यातली खोट. भेटली का सांगजो, मले समजलं पाहिजे."

ती माझ्या खोलीत आहे. मी रोज वाजवते. आमच्या बॅन्डमध्ये तिच्यासारखा आवाज कुणाच्याच गिटारचा नाही. पोरी विचारतात कुठून आणली, तर एकाकडून मिळाली, एवढंच सांगते. वाजवून झालं की वायर काढून ठेवते. विसरत नाही.

मागच्या शुक्रवारी नमाजानंतर चाचांचा फोन आला. अधूनमधून येतो. तब्येत विचारली, आईचं विचारलं, मोर्चा कसा झाला ते विचारलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "भेटली का बेटा खोट?"

गिटार माझ्या मांडीवरच होती.

"नाही चाचा," मी म्हटलं. "शोधून राहिली."