अंबरखान्यातला कवडसा

परवा गव्हाची रिकामी कोठी पुसायला काढली आणि तिच्या बंद, कोंदट वासाने पन्हाळ्यावरचा अंबरखाना आठवला. वडिलांची दृष्टी जाऊन वर्ष झालं होतं. घरात बसून कंटाळले म्हणून आम्ही त्यांना गाडीने गडावर नेलं. आई म्हणाली, "तुम्ही गाडीतच बसा, काय दिसणार तुम्हाला?" "दिसणार नाही, पण कळेल की!" असं म्हणत ते माझा खांदा धरून उतरले. त्या दगडी कोठारात गार अंधार होता, वटवाघळांचा उग्र दर्प होता, आणि गाईडचा आवाज कमानीवर आपटून परत येत होता. "सांगा बगू पावणं, एवढ्या कोठारात धान्य कुठनं भरत असत्याल?" मी दाराकडे बोट दाखवलं. "न्हाय!" तो हसला. तेवढ्यात वडील माझा खांदा सोडून एकटेच पुढे सरकले, थबकले, एक पाऊल मागे आले, पुन्हा पुढे गेले. मग टकलावर तळवा ठेवून म्हणाले, "वरनं. इथं छताला भोक आहे, ऊन लागतंय." "व्हय की! डोळं असणाऱ्यास्नी बी सापडत न्हाय हे," म्हणत गाईडने त्यांचा हात धरला आणि तोच त्यांना पुढची विहीर दाखवायला घेऊन गेला. मी तिथेच मान वर करून उभी राहिले. जमिनीवरचा कवडसा मला आधीपासून दिसत होता. मी इतिहासाची शिक्षिका. चार वर्षं मुलांना तिथे नेऊन धान्य दारातून यायचं म्हणून सांगत आले होते. हे मात्र अजून वर्गात कबूल केलेलं नाही.