आधी दवाखाना, मग मांजर

आमच्या मांजरीचे जुने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला राहायला गेले, आणि त्याच महिन्यात मांजरीनं खाणं सोडलं. ती ताटलीपाशी जायची, वास घ्यायची, एक घास तोंडात धरून डोकं झटकायची आणि तो फरशीवर टाकून निघून जायची. तोंडाच्या एका बाजूनं लाळ गळायची. मी जुन्या डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी फोनवरच सांगितलं, दाढ सडलेली दिसते, काढावी लागेल, त्यासाठी पूर्ण भूल लागेल. बारा वर्षांच्या मांजरीला भूल म्हणजे गंमत नाही, तेव्हा डॉक्टर नीट बघून निवडा.

"नीट बघून" हे मला सांगायची गरज नव्हती. मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात खरेदी सांभाळते. माल मागवण्याआधी मी पुरवठादाराकडे न कळवता जाऊन येते. पुढच्या खोलीत चहा कितीही चांगला मिळाला तरी मागे जाऊन गोदाम आणि नाली बघितल्याशिवाय मी सही करत नाही. दवाखान्यांचंही तसंच करायचं मी ठरवलं. आधी आपण जाऊन बघायचं, आणि पसंत पडला तरच मांजर न्यायची. तिला टोपलीत कोंबून गावभर फिरवण्याइतकी कातडी माझ्या हातांवर नव्हती.

"मी पण येते," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मांजर आपली नाही, असं त्या पहिल्या दिवसापासून सांगत आल्या आहेत. मांजर त्यांच्या पलंगावर झोपते, त्यांच्या मांडीवर बसून मालिका बघते, त्यांच्या वाटची साय खाते, पण ती त्यांची नाही. तिला नाव आहे, ते त्या घेत नाहीत. "अगं ए" म्हणतात आणि ती येते. मी पूर्ण नावानं हाक मारते तेव्हा ती फक्त एक कान हलवते.

"आई, तुम्ही कशाला? ऊन आहे."

"हौ, आणि तू एकटी जाऊन काय बघशील? नाल्या. माणूस कोण बघणार?"

नवरा पेपरच्या मागून म्हणाला, "दोघी मिळून स्थळं बघायला निघालात की काय?" आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

पहिला दवाखाना काचेचा होता. आत थंडगार हवा, भिंतीवर पंजांचे ठसे आणि कोपऱ्यातल्या शोकेसमध्ये कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक. काउंटरवरची मुलगी गोड हसून सासूबाईंना म्हणाली, "वेलकम! बेबी किधर है आपका?"

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"माझा बेबी साठीला आला आहे," त्या मला मराठीत म्हणाल्या. "घरी पेपर वाचतोय. हिला कशाला हवाय तो?"

मी त्या मुलीला विचारलं की भूल दिल्यावर जनावराच्या श्वासावर लक्ष कोण ठेवतं. ती म्हणाली, "मैम, अपने यहाँ सब फॅसिलिटी है." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तेच उत्तर पुन्हा मिळालं. एवढ्यात बाकावर बसलेला एक धिप्पाड कुत्रा शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या मांजरीवर धावला, पिशवी उडाली, बाई किंचाळली, आणि केकच्या शोकेसला कुणाचं तरी डोकं आपटलं. कुत्र्यांना आणि मांजरांना बसायला एकच बाक. मला नालीपर्यंत जावंच लागलं नाही.

दुसरा दवाखाना एका वयस्क डॉक्टरांचा होता. त्यांची उमर हातोद गावाच्या बाजूला गाई-म्हशींत गेलेली, आणि आवाज अजून गोठ्यातलाच होता. "क्या तकलीफ है? बिल्ली कां है?" ते गरजले, तसं बाहेरचं एक कुत्र्याचं पिल्लू जागच्या जागी ओलं झालं. पण जागा लख्ख धुतलेली होती, हत्यारं उकळत होती. मला माणूस आवडला. मी भुलेबद्दल विचारलं.

"सुई लगाऊंगा, सो जाएगी."

"और उठेगी?"

"अब ये तो भिया ऊपरवाला जाने!" म्हणून ते मोकळेपणानं हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. म्हशीच्या मालकाशी बोलायची ती रीत असावी. मी पुढचं विचारणार, तर शेजारची खुर्ची रिकामी. सासूबाई रस्ता ओलांडून रिक्षा थांबवत होत्या. काठी घरी विसरलेली बाई इतक्या वेगानं चालू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. मांजर आता साय चाटायची, तीही अर्धी सोडून द्यायची. तिसऱ्या सकाळी सासूबाई निळी पैठणी नेसून, मोत्याच्या कुड्या घालून बाहेर आल्या. "खजरान्याला जायचंय. गणपतीला सांगून येऊ. मग तुझ्या त्या तिसऱ्याला बघू."

तिसरा खजरान्याच्याच रस्त्यावर होता, म्हणून ते सोयीचं पडलं. दर्शन झालं, सासूबाईंनी लाडवांच्या प्रसादाचा डबा घेतला, आणि आम्ही हारफुलांच्या दुकानांपुढच्या एका लहानशा दवाखान्यात शिरलो. वर घर, खाली दवाखाना. दारावर पाटी होती: दुपारी फक्त मांजरं. मी पाटी वाचली आणि माझा निम्मा निर्णय झाला. आत फिनाइलचा हलका वास होता. मी हात धुवायच्या निमित्तानं मागे जाऊन आले. नाली स्वच्छ होती. टेबलामागे तिशीतला एक डॉक्टर. आमच्या तोंडचं मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"बसा ना आजी. बसा ताई. मराठी ऐकून बरं वाटलं."

इंदूरच्या जुन्या मराठी माणसासमोर हे वाक्य बोलू नये. सासूबाईंच्या सासरचे लोक कुठल्याशा पिढीत होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आले, आणि तेव्हापासून या घरात मराठी बोलणारा नवा माणूस भेटला की त्याची मुळं खणून बघितल्याशिवाय त्याला पाणी विचारत नाहीत. मी नाशिकहून लग्न करून इथं आले तेव्हा माझीही अशीच खणाखणी झाली होती. सासूबाईंनी प्रसादाचा डबा टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

"मूळचे कुठले?"

"परभणीकडचे."

"घरी कोण कोण?"

"आई असते. वडील नाहीत. बहीण दिली पुण्यात."

"कुलदैवत? घर स्वतःचं का भाड्याचं? दारूबिरू?"

"नाही आजी!"

"लग्न?"

"नाही अजून," तो म्हणाला आणि लाजला.

मी मधे घुसून भुलेचं विचारायला तोंड उघडत होते, तेवढ्यात तो "एक मिनिट हं" म्हणून उठला आणि जिन्यावरून वर गेला. वर भांडी वाजली. कुणी तरी कुणाला दबक्या आवाजात रागावलं. कढईत मोहरी तडतडल्याचा वास खाली आला.

"चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्यात डोळा घालून बोलतो."

"आई, तो गेला कुठे?"

तो आला तेव्हा अंगात अॅप्रन नव्हता. इस्त्रीचा शर्ट होता आणि केस ओले करून विंचरलेले होते. मागून त्याची आई, हातात ट्रे. ट्रेमध्ये पोहे, वर शेव, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. तिनं बशा आमच्या हातात दिल्या, पदरानं कपाळ टिपलं आणि आदबीनं म्हणाली, "आधी कळवलं असतं तर काही केलं असतं हो. मुलीचा फोटो आणलाय का?"

मी पैठणीकडे बघितलं. लाडवांच्या डब्याकडे बघितलं. पोह्यांकडे बघितलं. ओल्या भांगाकडे बघितलं. आणि सगळं एकदमच डोक्यात शिरलं. मला हसू आवरेना. मी बशीत तोंड घालून खोकल्याचं नाटक केलं, तर शेव नाकात गेली. डॉक्टरनं घाबरून माझ्या पाठीत थोपटलं, कुत्र्याच्या थोपटावं तसं, बरगड्यांच्या बरोबर मागे.

सासूबाई मात्र शांत होत्या. फोटो मागितला, तो त्यांच्याकडे होता. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, बोटानं दोनदा सरकवला आणि डॉक्टरच्या आईपुढे धरला. "ही. बाराची आहे. दाढ दुखते."

डॉक्टरच्या आईनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग तिनं आमच्याकडे, मुलाकडे, पुन्हा फोटोकडे बघितलं, आणि ती जिन्याच्या पायरीवर बसून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "रंग छान आहे हो," ती डोळे पुसत म्हणाली. "पण मिशा!"

डॉक्टरचे कान लाल झाले होते. "आई, तू वर जा ना."

"मी नाही जात. मी इतके पोहे केलेत."

त्या गोंधळात त्यानं मोबाइल हातात घेतला तो फोटो मोठा करून बघायला, आणि त्याचा चेहरा बदलला. "आजी, ही मान कायम अशी डावीकडे कलती ठेवते?"

"आठवडा झाला."

"पाणी पिते?"

"थोडं."

"उद्याच आणा. आधी रक्त तपासू. मूत्रपिंडं ठीक असतील तरच भूल. माझी एक मैत्रीण येते, ती फक्त भूल आणि श्वास बघते, मी फक्त दात. एकटा मी हे करत नाही."

मी दोन दवाखान्यांत विचारून थकले होते, ते उत्तर हे होतं. मी पोहे संपवले. सासूबाईंनी बशी खाली ठेवली होती. कुलदैवत विचारणारा त्यांचा आवाज कुठे तरी गेला होता.

"उठेल ना ती?"

"वचन नाही देत, आजी. रक्त बघून धोका वाटला तर मी हात लावणार नाही, आणि तुम्हाला तसं सांगेन."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. आणि जरा वेळानं पुन्हा, "बरं."

रक्त ठीक निघालं. दाढ काढायच्या दिवशी मांजर कपाटावर चढून बसली. मी स्टूल, टॉवेल आणि हातमोजे घेऊन लढाईच्या तयारीत आले, तर सासूबाईंनी आपली रोजची शाल टोपलीत घातली आणि म्हणाल्या, "अगं ए." ती उतरून टोपलीत बसली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

आत दात निघत होता तेव्हा आम्ही वर डॉक्टरच्या आईकडे बसलो होतो. तिनं पुन्हा पोहे केले होते. सासूबाईंनी त्यांना बोट लावलं नाही. मी ऑफिसची कामं उरकून घेतली. त्या तासाभरात मी बोल्टच्या ऑर्डरची मेल बिस्किटवाल्याला पाठवली, एवढंच सांगते.

खालून एकदम डॉक्टरचा आरडाओरडा ऐकू आला. आम्ही तिघी जिना उतरलो. टेबलावर मांजर अर्धवट शुद्धीत, डोळे दोन दिशांना, जीभ बाहेर, आणि डॉक्टरचं बोट हातमोज्यासकट तिच्या तोंडात. भूल बघणारी मैत्रीण हसत हसत जबडा सोडवत होती.

सासूबाई जवळ गेल्या, वाकून बघितलं. "बाकीचे दात शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. मग टेबलाची कड धरून तिथंच खाली बसल्या, कारण खुर्ची आणायला आम्हाला वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मांजरीनं मऊ केलेलं मासळीचं खाणं ताटली चाटूनपुसून संपवलं आणि सासूबाईंच्या सायीपाशी जाऊन बसली. सासूबाईंनी साय पुढे सरकवली, हात पुसले आणि मला म्हणाल्या, "फोन लाव."

"डॉक्टरला?"

"त्याच्या आईला."

मी लावला आणि स्पीकर सुरू केला. सासूबाईंनी घसा साफ केला आणि पदर सारखा केला, जसा काही तो फोनमधून दिसतो.

"डॉक्टरच्या आई का? मी बोलतेय. आमच्याकडून मुलगा पसंत आहे. आता आमचं सगळं त्याच्याकडेच."

पलीकडून आवाज आला, "आम्ही अजून विचार करतोय हो. मुलाच्या बोटाला पट्टी आहे."