कापड्याच्या रस्त्यावरचं पळणं

पळायला सांगितलं होतं ते माझ्या नवऱ्याला. महाडच्या डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, आधी काट्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाले, "पोट पुढे आणि तुम्ही मागे, असं किती दिवस चालायचं? रोज सकाळी थोडं पळत जा."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. हे महाडला एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि मी पोलादपूरला प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्या काळी आमच्याकडे माणसं भरपूर चालायची, डोंगर चढायची, डोक्यावर भारे घेऊन बाजाराला यायची, पण काही कारण नसताना कुणी पळत नसे. पळणाऱ्याची एकतर एसटी सुटलेली असायची, नाहीतर त्याच्यामागे कुणीतरी लागलेलं असायचं.

"मी एकटा नाही जाणार," घरी आल्यावर हे म्हणाले. "पहाटे कुत्री अंगावर येतात. तू चल."

"मी येऊन कुत्र्यांना काय सांगू?"

"दोघं दिसलो की ती जरा विचार करतात."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही निघालो. महाबळेश्वरकडे जाणारा, कापडे गावाचा रस्ता ठरवला, कारण हमरस्त्यावर ट्रक फार. मी साडी खोचलेली, पायात चपला. भाताच्या गिरणीपर्यंत पळायचं ठरलं होतं. गिरणी दिसायच्या आधीच माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि ह्यांच्या बरगडीत कळ आली. हे मैलाच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरांनी 'थोडं' म्हटलंय."

तिसऱ्या दिवशी ह्यांना नाक्यावरची चहाची टपरी सापडली. ट्रकवाल्यांसाठी ती पहाटेच उघडायची. आमच्या घरापासून तिथवर उतार होता, त्यामुळे तेवढं पळणं त्यांना जमायचं. तिथल्या बाकावर बसून ते म्हणायचे, "तू गिरणीपर्यंत जाऊन ये. मी आहे इथं."

"पळायचं तुम्हाला आहे की मला?"

"आता उठलोच आहोत तर कुणीतरी पळून घ्यावं."

मी रागाने निघाले. त्या रागातच बहुधा पहिल्यांदा न थांबता गिरणी गाठली. धाप लागली होती, छाती फुटेल असं वाटत होतं, पण गिरणीच्या ओट्याला हात लावला तेव्हा मी एकटीच हसले. घरी चूल, शाळेत दोन वर्गांची मुलं एकाच खोलीत, दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी मागत असायचं. ह्या एवढ्याशा रस्त्यावर माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं. उद्याही यायचं, हे तिथंच ठरलं.

बुटांसाठी महाडला गेले. दुकानदाराने पांढरे कॅनव्हासचे बूट काढले आणि विचारलं, "मुलगा कितवीत आहे?"

"मला हवेत."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि बूट जरा घाईघाईनेच बांधून दिले. त्या बुटांना पांढरं करायला मी शाळेतले खडूचे तुकडे वापरायची. पावलं आपटली की थोडी भुकटी उडायची. लांबून पाहणाऱ्याला मी खूप वेगात आहे असं वाटत असावं.

मग रस्ता मला ओळखू लागला. आमच्या वस्तीतून निघताना विहाराच्या ओट्यावर म्हातारी मंडळी बसलेली असत. "जयभीम बाई, एवढ्या सकाळी कुठं?" प्रत्येकाला उलट जयभीम घालायचा, शिवाय उत्तरही द्यायचं. वस्ती संपेपर्यंत माझा निम्मा दम जायचा. पुढे लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका भेटायच्या. मला पळताना पाहून त्या मोळीसकट थबकायच्या. "कोन गेलं गो?" एकीने पहिल्या दिवशी विचारलं. "कुणी नाही गेलं, मी व्यायाम करतेय," मी म्हटलं. ती मागच्या बाईला म्हणाली, "सांगत नाय. जवळचंच कुनीतरी आसल."

महाबळेश्वरला जाणारी पहिली एसटी तर रोज माझ्यासाठी थांबायची. ड्रायव्हर दार उघडायला सांगायचा, कंडक्टर हात पुढे करायचा. "चढा, चढा बाई, लवकर!"

"मला बस नकोय."

"मग पळताय कशाला?"

गाडीतले सगळे प्रवासी खिडकीतून वाट बघत असायचे. शेवटी मी गाडीचा आवाज आला की झाडामागे उभी राहू लागले. त्यावरून वेगळीच चर्चा सुरू झाली.

आणि मग ती भानगड झाली. आमच्या शाळेचा शिपाई बाजारात कुणाला तरी म्हणाला, "आमच्या बाई रोज पहाटे पळतात." ऐकणाऱ्याने ते भाजीवालीला सांगताना 'रोज' गाळलं. भाजीवालीने वरच्या वाडीतल्या बाईला सांगताना 'पहाटे' तेवढं ठेवलं. माझ्या सासूबाई त्याच वाडीत राहायच्या, कापड्याच्याही वर, डोंगरात. त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचली ती अशी : मास्तरीण पहाटे पळाली.

रविवार होता. मी दारात तांदूळ निवडत बसले होते, हे आत झोपले होते. समोर सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. डोंगर उतरून आलेल्या, घामाने चिंब, काखेत मोठं गाठोडं. मी त्यांना आत्या म्हणायची.

"आत्या? अशा अचानक?"

त्यांनी माझ्याकडे वरून खालून पाहिलं. "तू हायस?"

"हो. का?"

"आन् तो?"

"झोपलेत."

त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या, पाणी मागितलं, आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. गाठोडं सोडलं तर त्यात भाकऱ्यांची चवड आणि सुकट. बायको पळालेल्या मुलाला आता कोण करून घालणार, म्हणून त्यांनी पहाटेच उठून त्या थापल्या होत्या.

रडण्याच्या आवाजाने हे उठून बाहेर आले. "कोण पळालं?" डोळे चोळत म्हणाले. आणि उत्तराची वाट न बघता सुकट हुंगली.

सगळा उलगडा झाल्यावर आत्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पळतेस, पर कुनापासून?"

"कुणापासून नाही. असंच."

"आसंच?" त्या ह्यांच्याकडे वळल्या. "आन् ती पळते तवा तू काय करतोस?"

"मी टपरीवर असतो," हे खरं तेच बोलले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या माझ्या आधी तयार होत्या. स्वतः बघितल्याशिवाय वाडीत परत जाऊन काय सांगणार, असं त्यांचं म्हणणं. त्या पुढे चालत जाऊन गिरणीच्या ओट्यावर बसल्या. मला वाटलं, आज जरा ऐटीत पळून दाखवावं. एका हाताने निऱ्या धरल्या आणि जोर लावला. ओट्यापासून हाकेच्या अंतरावर काठ पायात आला आणि मी त्यांच्यासमोर लांबलचक पसरले. कोपर सोलवटलं, एक बूट गटारात गेला.

आत्यांनी बूट काढून आणला, झटकला, आणि म्हणाल्या, "पायाला दावं बांधून म्हस तरी पळंल काय गो? लुगडं नेस. कासोटा घाल. तू आयच्या पोटात व्हतीस तवापासून मी डोंगर चढते त्यात."

मी शिकलेली बाई. डी.एड.ला असताना माझ्या आईचं नऊवारी मैत्रिणींच्या नजरेला पडू नये म्हणून मी तिला होस्टेलच्या फाटकाबाहेरच भेटायची. आता मात्र आत्यांनी मला घरात उभी केली आणि स्वतःचं हिरवं जुनं लुगडं नेसवलं, गुडघ्याच्या वर ओढून घट्ट कासोटा मारला. "आता पळ कुठं पळायचं त्ये."

पळाले, आणि पाय कुणीतरी मोकळे सोडल्यासारखे वाटले. इतके दिवस मी साडी सांभाळत पळत होते, हे त्या दिवशी कळलं. गिरणी मागे टाकून कितीतरी पुढे गेले. परत आले तेव्हा आत्या टपरीच्या बाकावर मुलाशेजारी बसून बशीतून चहा पीत होत्या. त्यांना तिथं बरं वाटलेलं दिसत होतं.

हिरवं नऊवारी आणि पायात पांढरे बूट, हा माझा कायमचा पोशाख झाला. एकदा महाबळेश्वरला निघालेली मुंबईची मोटार शेजारी येऊन हळू झाली. आतल्या साहेबांनी काच खाली करून विचारलं, "बाई, इधर कुछ त्योहार है क्या?" मी "रोजच असतो" म्हटलं आणि पुढे गेले. मागच्या सीटवरची पोरं वळण येईपर्यंत हात हलवत होती.

भात कापणीच्या सुमाराची एक सकाळ मात्र मी विसरणार नाही. कापड्याच्या बाजूने परत येत होते. मागे ट्रकचा कर्कश हॉर्न वाजला, मग कुणीतरी ओरडलं, आणि मग खुरांचा आवाज आला. वळून पाहिलं तर एक काळीभोर म्हैस, गळ्यात तुटलेलं दावं, सरळ माझ्याच दिशेने. तिच्या बऱ्याच मागे एक शेतकरी धावत, हात हलवत ओरडत होता. मला ऐकू आलं, "पळा!" खरं तर तो म्हणत होता, "पळू नका!"

मी पळाले. मी पळाले म्हणून म्हैस पळाली. मी रस्ता सोडून कडेला गेले, तर तीही कडेला आली. गिरणी कधी गेली कळलं नाही. आयुष्यात मी तेवढी कधी पळाले नाही, आधीही आणि नंतरही. नाक्याचा उतार लागला तेव्हा समोर टपरी दिसली आणि बाकावर हे, हातात कांदाभजीची बशी. पुढे बायको, मागे म्हैस, तिच्यामागे शेतकरी, असं बघितल्यावर हे बशीसकट बाकावर उभे राहिले.

"इकडे नको!" हे ओरडले. "तिकडे! तिकडे!"

मी टपरीच्या मागे शिरले. म्हैस मात्र टपरीपाशी येऊन थांबली, कपबश्या विसळायच्या पाण्याच्या बादलीत तोंड घातलं आणि शांतपणे पाणी प्यायला लागली. तिला बहुधा तहानच लागली होती.

शेतकरी धापा टाकत आला, दाव्याचं टोक पकडलं आणि मला हात जोडले. "लय उपकार झाले बाई. मला वाटलं, घाटात शिरली म्हंजे गेली. तुमी बरोब्बर नाक्यावर आनलीत!"

मला 'नाही' म्हणायलाही श्वास उरला नव्हता. तोपर्यंत टपरीवरची सगळी माणसं जमली होती, आणि बाईंनी म्हैस वळवून आणली ही गोष्ट माझ्याशिवाय सगळ्यांनी पाहिली होती. त्या शेतकऱ्याने पुढे बरेच दिवस घरी ताक पाठवलं. महाडच्या कचेरीत हीच गोष्ट ह्यांनी सांगितली, तेव्हा तीत बाकावर उभा राहिलेला माणूस नव्हता. म्हशीच्या समोर हात पसरून उभा राहिलेला एक माणूस होता. ते ऐकून त्यांचे साहेब आमच्याकडे चहाला आले आणि त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

शाळेत मात्र भाव वधारला. तोपर्यंत आमचे हेडमास्तर मला आडून आडून सांगायचे की शिक्षिकेने रस्त्यावर असं पळणं बरं दिसत नाही. म्हशीनंतर त्यांनी मुलांच्या धावण्याच्या शर्यती माझ्याकडे सोपवल्या.

सगळेच दिवस असे नव्हते. पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ धरायचं, बूट चार-चार दिवस चुलीजवळ वाळायचे आणि तरी ओलेच. एकदा घसरून घोटा सुजला तेव्हा महिनाभर खुर्चीत बसून शिकवलं. गिरणी आपल्याशिवाय तिथंच आहे, हे मनाला लागायचं. पुन्हा सुरू केलं तेव्हा ह्यांना पहिल्या दिवशी आली होती तशीच बरगडीत कळ, आणि तोच मैलाचा दगड. त्या दिवशी मी त्यावर बसून चिडून रडलेही.

वर्षभराने हे डॉक्टरांकडे गेले, मी सोबत. डॉक्टर मलाही ओळखायचे, त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "वा! फरक दिसतोय." मग ह्यांना काट्यावर उभं केलं. काटा त्यांनी दोनदा पाहिला. "तुम्ही पळता नक्की?"

"रोज जातो," हे म्हणाले. भजीचा विषय कुणी काढला नाही.

त्यानंतर कधीतरी आत्या चार दिवस राहायला आल्या होत्या. थंडीची सकाळ, रस्ता कोरडा. टपरीवर मुलाशेजारी न बसता त्या माझ्याबरोबर गिरणीकडे आल्या. वाटेत एकदम म्हणाल्या, "थांब, बगू दे मला." पदर कमरेला खोचला आणि पळायला लागल्या. अनवाणी, छोट्या छोट्या पावलांनी, हात अंगाशी धरून. मी मागे राहिले, मुद्दामच. आंब्याच्या झाडापर्यंत गेल्या, खोडाला धरून उभ्या राहिल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"काय झालं, आत्या?"

"काय नाय गो. लगीन झाल्यावर पळलेच नव्हते. पाण्याला गेले, लाकडाला गेले, पर पळले नाय."

मग त्यांनी झाडाखाली बसून पायातला काटा काढला. मला म्हणाल्या, तू जा पुढं, मी येते बसून. मी गिरणीला हात लावून परत आले तेव्हा त्या पुन्हा उभ्या होत्या, पदर खोचलेला, आणि रस्त्यावर गाडी येत नाही ना ते बघत होत्या.