सगळ्या वाटा पाहणारा मावसभाऊ

माझ्या मावसभावाइतका हुशार माणूस आखाडा बाळापूरपासून वारंगा फाट्यापर्यंत दुसरा नाही, आणि देवाच्या कृपेने होणारही नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं काम तो डोंगरकडा गावातल्या घरी, केळीच्या घडांशेजारी संगणक मांडून करतो. तिकडे सूक्ष्म कण एकमेकांवर आदळतात, तुकडे उडतात आणि ज्याचा शोध असतो तो कण क्षणात फुटून नाहीसा होतो. कोणते तुकडे त्याचे, यावर प्रत्येक वेळी अनेक जुळण्या दावा सांगतात. एक पंथ म्हणतो, सर्वांत भरवशाची जुळणी आधी निवडा आणि मग तिच्यावर गणित बसवा. दुसरा म्हणतो, गणित सगळ्यांवर बसवा, निवड मागून करा. यातला कोणता बरा, हे हा गृहस्थ कित्येक वर्षं ताडून पाहतो आहे. जग तोवर थांबलेलंच आहे.

स्वतः तो दुसऱ्या पंथाचा. बाळापूरच्या बाजारात एकदा त्याने दुकानातली प्रत्येक चप्पल पायात घालून पाहिली. दुकानदाराने शेवटी शटर ओढलं आणि स्वारी जुन्याच चपलांवर परतली. "पहिलीच बराबर निघाली असती, तरी ती बराबर हाय हे कळलं कसं असतं?" हा त्याचा युक्तिवाद. त्याचे वडील, म्हणजे माझे मावसा, कपाळाला हात लावून म्हणायचे, "एक धर अन् मोकळा व्हय बाबा."

पुढे मावसांची स्मरणशक्ती विरत गेली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ते घरातून निघून गेले. मावशी दारात बसून राहिली. धोतर आणि पांढरी टोपी घातलेला म्हातारा कुणाला फाट्यावर दिसला, कुणाला केळीच्या बागेत, कुणाला कालव्यावर. फाट्याची खबर पक्की वाटली म्हणून आम्ही मोटारसायकली काढल्या. हा मात्र कागद घेऊन ओसरीवर बसला आणि फोनवर एकेकाला विचारू लागला, "टोपी सोडा, पाय कोणता ओढत व्हते?"

"बाप हरवला अन् तू गणित करून राहिला?" मी ओरडलो. त्याने पुढचा नंबर लावला.

फाट्यावर आम्ही ज्यांना मागून धरलं, ते कुणा दुसऱ्याचेच आजोबा निघाले. ते लेकीकडे निघाले होते आणि आमच्यावर फार उखडले. इकडे याने प्रत्येक खबर दुसरीशी जोडून मावसांच्या लंगड्या चालीवर बसवून पाहिली. फाट्यावरचा म्हातारा फार झपाझप चालणारा ठरला. बाग आणि कालवा तेवढे जुळले, आणि ती वाट मावसांच्या जुन्या मळ्याकडे वळत होती. त्याचा फोन आल्यावर आम्ही ओशाळून तिथे पोचलो, तेव्हा बापलेक बांधावर बसलेले होते.

"उशीर काहून केला रे?" मावसा विचारत होते.

"सगळ्या वाटा पाहून राहिलो व्हतो, आबा."

आता मावसा त्याला ओळखत नाहीत. कधी माझ्या नावाने हाक मारतात, कधी दूधवाल्याच्या, कधी वारलेल्या भावाच्या. मला ते ऐकवत नाही. तो मात्र काम टाकून उठतो आणि जे नाव येईल त्याला ओ देतो.